दोन रीड

आज मुलीने शाळेतून क्लॅरिनेट घरी आणलं. पेटी उघडताच सांध्यांच्या बुचाला लावतात त्या ग्रीसचा मेणचट वास आला आणि मी थेट जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या जुन्या घरी पोचले.

तेव्हा माझे सासरे मिरजेहून आले होते. उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस, पण मी त्यांना वाजवताना कधी पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, क्लाइन तरुणपणी स्विंग बँडचे लीडर होते. त्यांच्या क्लॅरिनेटवर म्हणे अख्खा हॉल नाचायचा. कवळी बसली आणि वाजवणं सुटलं. त्यांनी आम्हाला रविवारी कॉफीला बोलावलं.

बाबांच्या हाती आपलं वाद्य देऊन त्यांनी डबीतून दोन रीड काढल्या, क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या वेताच्या पातळ पट्ट्या. एक बाबांना दिली, एक स्वतःच्या तोंडात धरली. बाबांनीही आपली तोंडात धरली. मग दोघेही सोफ्यावर गप्प. मी दुभाषी, मला वाटलं भाषेमुळे पंचाईत झालीय.

"अहो बाबा, काहीतरी बोला ना!"

बाबांनी नुसता हात वर केला. थोड्या वेळाने त्यांनी वरातीतलं एक गाणं वाजवलं. हेर क्लाइन डोळे मिटून चुटक्यांनी ताल देत होते, पट्टी अजून तोंडातच.

मघाशी मुलगीही तशीच बसली होती. "गप्प का गं?" मी विचारलं. तिने तोंडातली पट्टी काढली आणि जर्मनमध्येच सांगितलं, "ओली करतेय. वाजवायच्या आधी करावी लागते."

त्या रविवारी क्लॅरिनेट तर एकच होतं.