चिंचेवरची वाघळं, जंगलातला धनेश आणि मास्तर

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, गडमुडशिंगीतल्या आमच्या शेजारच्या मास्तरांनी स्वतःच्या दारातली चिंच तोडायला लावली. तिच्यावर वटवाघळांची वस्ती होती, आणि साऱ्या जिल्ह्यात वटवाघळांच्या बाजूने बोलणारा हा एकच माणूस होता.

मास्तर कोल्हापूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत. दाजीपूरच्या जंगलात त्यांना एकदा धनेश पक्षी दिसला, तेव्हापासून कुठलाही विषय ते धनेश आणि वाघूळ यांच्या तुलनेवर आणून सोडत. दोघंही फळं खातात, बिया लांब नेऊन टाकतात, रान वाढवतात. पण एकाला बघायला लोक जंगलात जातात आणि दुसऱ्याला दगड मारतात, हे ते बारशातही सांगत आणि मयतीतही. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून तिला भरवतो. संसार असा करावा. वाघळांत आई एकटीच पोर छातीशी घेऊन उडते."

पुढे त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, अंथरूण धरलं. वारा लागू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी खिडक्या लावल्या, फटींना कागद चिकटवले, दिवसाही दिवा ठेवला. मधल्या सुट्टीत सायकल मारत यायचे, भात कालवून भरवायचे आणि परत जायचे.

समोरचे तात्या एकदा म्हणाले, "मास्तर, दारात वाघळं टांगल्यावर वैनी बऱ्या कशा व्हणार?"

"अंधश्रद्धा आहे ती."

"असंल की. पर वैनींच्या मनात भ्या बसलं असंल तर?"

त्या दिवशी मास्तर धनेशावर न येताच घरात गेले. पुढच्याच आठवड्यात करवतवाले आले. वठलेली फांदी उतरवतायत, असं काकूंना सांगण्यात आलं.

त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. मास्तर भरवत होते. काकूंनी घास थांबवला.

"आज वाघळं उठली न्हाईत?"

मास्तरांनी पुढचा घास केला.

"त्यांचा कालवा झाला की दिस मावळला, एवढंच कळतंय मला हितं."

मास्तरांनी चिंच तोडल्याचं सांगितलं. "तुला त्यांची भीती वाटत असेल, म्हणून."

"मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की," काकू म्हणाल्या.

काकू श्रावणात गेल्या. तोपर्यंत मास्तर रोज मावळतीला अंगणात उभे राहत, मग आत जाऊन त्यांना सांगत, "मावळला."