मोठ्या फ्लॉपीतली स्थळं

मशिन उघडून पुन्हा बंद केलं की एखादा स्क्रू उरतोच. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून तसा एखादा किस्साही उरतो. नव्वदच्या दशकात मी ठाण्याला एका कंप्युटर डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर होतो. कंपनी दरवर्षी नव्या मॉडेलमधून जुनं काहीतरी काढून टाकायची. आमचे साने साहेब ते मॉडेल विकायचे आणि शिव्या खायला मला पाठवायचे.

* * *

आधी गेली कॅबिनेटची चावी. हो, तेव्हा कंप्युटरला कुलूप असायचं! कळव्याचे भोईर शेठ ती चावी गळ्यातल्या सोन्याच्या चेनला अडकवून फिरायचे. मशिन त्यांनी स्वतः कधी चालवलं नाही.

नवं मशिन त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं. "चावी नाय? मंग मालक कोन?"

"शेठ, आता पासवर्ड असतो."

"तो गल्यान घालता येल का?"

* * *

मग टर्बोचं बटण गेलं. ते दाबलं की मशिन जोरात चालायचं. कल्याणला टायपिंग क्लास चालवणाऱ्या एक बाई ते फक्त परीक्षेच्या आठवड्यात दाबायच्या. एरवी मशिनला उगाच दम लागायला नको.

नवं मशिन कायमच जोरात चालतं म्हटल्यावर त्या हळहळल्या. "अरे, मग ह्याला विश्रांती कधी?" दर गुरुवारी त्या ते बंद ठेवायला लागल्या. सर्व्हिस रिपोर्टवर 'साप्ताहिक सुट्टी' असं मीच लिहिलंय.

* * *

शहाडच्या एका कारखान्यात खडखडणारा प्रिंटर जाऊन मुका प्रिंटर आला. हेडक्लार्क जुनाच परत मागायला लागले. म्हटलं, का हो?

"त्याच्या आवाजावर साहेबांना वाटायचं, आम्ही काम करतोय. आता खरंच करावं लागेल."

* * *

डोंबिवलीच्या लेले काकू वधूवर मंडळ चालवायच्या. सगळी स्थळं मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉपींत. कंप्युटर घेतल्यावर जुन्या वह्या रद्दीत घालायला साने साहेबांनीच लावल्या होत्या. पुढे जुनं मशिन एक्स्चेंजमध्ये उचललं तेही त्यांनीच. नव्यात फक्त छोटी फ्लॉपी जायची. सहा-सात वर्षांत जमवलेली मुलंमुली एका दिवसात गायब! मंडळ बंद पडायची वेळ आली. काकू तीनदा ठाण्याला खेटे घालून गेल्या.

साहेब म्हणाले, "काकू, मोठी फ्लॉपी कंपनीनं बंद केली. जुनं सोडायला शिका." मला फार वाईट वाटलं, पण बोलतो कोण?

पुढच्या महिन्यात साहेब स्वतःच्या लेकीचं नाव नोंदवायला काकूंकडे गेले. मी सोबत होतो. काकूंनी चहा दिला, फोटो नीट पाहिला.

"मीनलला अगदी जुळेल असा मुलगा आहे हो कल्याणला. बँकेत आहे, स्वभावानं गरीब. नाव-पत्ता मात्र मोठ्या फ्लॉपीत."

साहेबांचा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्याच ऑफिसातल्या जुन्या मशिनमधला मोठ्या फ्लॉपीचा ड्राइव्ह मला काढायला लावला, पंच्यात गुंडाळला आणि मांडीवर धरून डोंबिवलीला आणला. मी तो बसवला. स्थळं एकेक करून पडद्यावर यायला लागली. साहेबांनी पत्ता उतरवून घेतला आणि हळूच डोळे टिपले.

निघताना मी म्हटलं, "काकू, हा जुना ड्राइव्ह कधीही बिघडेल. तासाभरात सगळं छोट्या फ्लॉपीवर उतरवून देतो."

"नको रे, मोठ्यातच राहू दे," काकू म्हणाल्या. "मला एवढंच सांग, तुमच्या कंपनीत अजून कुणाकुणाच्या मुली लग्नाच्या आहेत?"