दाजींच्या कोटाचं अस्तर

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक दिवस झाडू मारायला वाकावं तर हे एवढं गाठोडं!

माझं गाठोडं मालवणच्या बाजारातल्या दाजी टेलरांच्या दुकानातलं. तेव्हा गोव्यात अजून फिरंगी होता, तिकडचा माल चोरून इकडे यायचा, आणि आमच्याकडे दारूबंदी. दुकानासमोरच्या बाकावर आम्ही चार रिकामटेकडे ठाण मांडून असायचो.

दाजींनी त्या काळात एक फॅशन काढली होती. मुंबईच्या बड्या दुकानांच्या बापाला सुचली नसती! कोट सगळ्यांचा एकच, काळा, गळाबंद, अगदी सभ्य. गंमत आत. छाती, खांदा, बाही मोजून झाली की दाजी टेप गळ्यात टाकून हळूच विचारायचे, "ह्यां दिवसाचां झालां. रातचां काय?"

मग गिऱ्हाईक कानात सांगायचं आणि त्याप्रमाणे अस्तर पडायचं. जांभळं साटीन, पिवळं रेशीम, आणि ज्याच्या त्याच्या रात्रीला लागतील तसे चोरखिसे.

कुठला कोट कुणाचा, हे मात्र दाजी मेले तरी सांगायचे नाहीत. "कोटाक दोन बाजू," म्हणायचे, "वरची गावाक, आतली तुका. माझ्या तोंडाक एकच बाजू. ती उघडली काय दुकान बंद!"

म्हणजे किस्से फुटले ते गिऱ्हाइकांच्याच हातून. माझ्या कोटाचं अस्तर कुठलं म्हणता? विषय बदलू नका.

* * *

वालावलचे एक गुरुजी होते. इतके कडक की वर्गात माशीसुद्धा परवानगी घेऊन बसायची. हेच गुरुजी लांबच्या गावच्या जत्रेत, तोंडाला रंग फासून, दशावतारात द्रौपदी व्हायचे! शाळेत कुणाला पत्ता नाही.

एकदा शाळा तपासायला शाळाखात्याचे दिपोटी आले. गुरुजींनी ऐटीत खडू काढायला कोटात हात घातला आणि बाहेर आलं घुंगरांचं पैंजण. छुम्!

गुरुजी डगमगले नाहीत. पैंजण उंच धरून म्हणाले, "मुलांनो, ओळखा पाहू, हा कोणता धातू?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, ह्यां परवाच्या द्रौपदीचां!"

गुरुजींचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात दिपोटी चष्मा पुसत म्हणाले, "मुलगा हुशार आहे. मात्र गुरुजी, वस्त्रहरणाच्या वेळी तुमचा आवाज जरा बसला होता हं!"

* * *

कचेरीतले अव्वल कारकून भाऊ कट्टा गावाहून एसटीने यायचे. गळाबंद कोट, कपाळाला गंध. आत डाव्या बाजूला बाटलीचा खिसा, चारी बाजूंनी कापूस भरलेला. काच किणकिणू नये, ही दाजींची काळजी. पण आतला माल हलला की 'डुचुक डुचुक' व्हायचंच, त्याला कापूस काय करणार?

एकदा बायकोने ऐकलं. "अवो, तुमच्या पोटात काय वाजतां?"

"भूक लागली गो."

झालं! त्या माउलीने लगेच पान वाढलं. त्यानंतर भाऊ घरात पाऊल टाकायचे, डुचुक व्हायचं आणि समोर भाताचा डोंगर यायचा. वर तिरफळं घातलेली बांगड्याची कढी.

चार महिन्यांनी भाऊ दुकानात आले ते तिरके होऊनच. "दाजीनू, कोट वाईच सैल करून देवा."

"आणि बाटली?"

"ती कवाच सोडलंय रे! पण भात अजून येताच. आता तिका सांगू कसा, की माका भूक नव्हती?"

* * *

आमच्याकडचे एक कीर्तनकार बुवा. श्रावणात त्यांच्या घरात मासळीचं नाव काढायचं नाही. बुवांच्या कोटात मात्र केळीच्या पानात बांधलेली सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, पुडी. आळीत निजानीज झाली की चुलीवर चार भाजायची आणि देवाची क्षमा मागायची.

त्या श्रावणात बुवा कीर्तनाला उभे राहिले आणि देवळात मांजरं यायला लागली. आधी एक, मग तीन, मग अख्ख्या आळीची. बुवा डावीकडे सरकले की मांजरं डावीकडे, उजवीकडे सरकले की उजवीकडे!

पहिल्या ओळीतली म्हातारी गहिवरली. "काय वाणी रे बुवांची! मुक्या जनावरांकपण देव दिसाक लागलो!"

तिने पुढे होऊन बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. डोकं वर करताना एकदा नाक ओढलं आणि हळूच म्हणाली, "बुवा, देव खारवलेलो आसा की नुसतो सुकवलेलो?"

* * *

आणि मग आले दारूबंदीचे नवे साहेब. आल्या आल्या त्यांनी दाजींकडे कोट शिवायला टाकला. माप द्यायला आत गेले ते दार ओढून घेऊन. बाहेर आले तेव्हा कान लाल.

पंधरवड्याने तेच साहेब भर बाजारात दोन शिपाई घेऊन दुकानावर चालून आले. शिपायाच्या हातात कुलूप!

"तुमच्या कोटांना बाटलीचे खिसे असतात, अशी खबर आहे. कुणाकुणाला शिवून दिलेत? नावं सांगा. नाहीतर आत्ता दुकानाला टाळं!"

बघता बघता गर्दी जमली. त्यात गुरुजी, भाऊ, बुवा, तिघेही गळ्यापर्यंत बटणं लावून घामाने निथळत. आम्ही बाकावर उभे. दाजींचं सगळं पोट त्या एका मशीनवर. नावं सांगितली तर गाव तुटणार, नाही सांगितली तर टाळं.

दाजींनी पायडलवरचा पाय काढला. टेबलाखालून सुतळीने बांधलेलं वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरलं.

"सायबानू, नावां सांगतंय. पण आधी तुमचो कोट बघून घेवा. हयच उघडू? आतली बाजूपण दाखवतंय सगळ्यांका."

आणि सुतळीच्या गाठीला हात घातला.

साहेब पुडक्याकडे बघत राहिले. मग गर्दीकडे. मग शिपायाच्या हातातल्या कुलपाकडे.

"खबर... खोटी दिसते," ते म्हणाले. "चला रे!"

साहेब कोपऱ्यावरून वळले मात्र, आम्ही बाकावरून उडी मारून पुडक्यावर झडप घातली. सुतळी तोडली, कागद फाडला.

आत नुसत्या चिंध्या!

"दाजीनू, सायबाचो कोट खंय?"

दाजींनी सुईचं नाक उजेडाकडे धरून दोरा ओवला.

"तो अजून बेतूकच घेवक नाय," ते म्हणाले. "अस्तराचां कापड गोव्यासून येवचां आसा."