एक्स-रेमधलं भोक

हिर्डोशीच्या सगुणाबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानदाराने हळद दिली तरी ती आधी हुंगून बघायची. त्यामुळे केसांच्या आत गाठ हाताला लागली, तेव्हा तिने औषधाआधी दोषी माणूस शोधला. तो लगेच सापडलाही. चुलत जाऊ, रतनबाई!

भाताचा भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. एकीने उचलून द्यायचा, दुसरीने मान ताठ धरायची. गेल्या सुगीत रतनबाईच्या हातून भारा निसटून सगुणाबाईच्या टाळूवर आदळला होता. "बांधाच्या भांडणाचा राग काढला मेलीनं," सगुणाबाई म्हणायची.

भोरला एक्स-रे काढला. कवटीच्या हाडात चांगलं रुपयाएवढं भोक. डॉक्टर पुण्याला जा म्हणाले, पण पुढचं ऐकतंय कोण? बाई फिल्म घेऊन थेट गावच्या नळावर.

"बघा, भोक पाडलं हिनं माज्या डोस्क्याला!"

रतनबाई घागर तिथंच ठेवून निघून गेली. तेव्हापासून भारा उचलून द्यायला तिला कुणी बोलवेना, आणि तिचा भारा उचलून द्यायलाही कुणी येईना.

सून शिवानीने सासूला ओढतच पुण्याला नेलं. एमआरआयच्या आधी मंगळसूत्र, जोडवी काढायला लावली. सगुणाबाईने ती सुनेच्या मुठीत कोंबली आणि मूठ उघडायची नाही म्हणून दम भरला.

डॉक्टर मितालीने पडद्यावर बोट ठेवलं. "मावशी, भोकाची कड बघा, कशी गुळगुळीत आहे. मार लागला असता तर तडा दिसला असता. ही गाठ तुम्ही आईच्या पोटात असल्यापासूनची. कातडीचा कण हाडात अडकला आणि तिथेच वाढत राहिला. क्वचित होतं असं. काढता येईल."

"रतनबाईनं काय दिलं तुमास्नी?"

"कोण रतनबाई?"

डॉक्टरांचा चेहरा इतका कोरा होता, की समोरचं माणूस खरं बोलतंय हे सगुणाबाईला जन्मात पहिल्यांदा पटलं. आणि तिला मनापासून लाज वाटली.

ऑपरेशन नीट झालं. डोक्यावर ओझं घ्यायचं मात्र बंद. पुढच्या सुगीत रतनबाई खाचरात भाऱ्यापाशी एकटीच उभी दिसली. सगुणाबाई पदर खोचून खाली उतरली.

"थांब, म्या देते उचलून. चुकलं गं माजं."

रतनबाईने तिच्या हातांकडे पाहिलं.

"नगं अक्का. निसटला तुमच्या हातून, तर म्या काय समजू?"

तिने भाऱ्याची दोरी सोडली, आणि पेंढ्या काखेत मारून थोड्या थोड्या खळ्यावर नेऊ लागली. प्रत्येक खेपेला सगुणाबाईच्या समोरून.