मागून आलेलं पाणी

इच्छापूरच्या देवीची हद्द इच्छापूरलाच संपते, असं माझं पक्कं मत होतं. आमच्या बुऱ्हाणपूरहून निघालं की महाराष्ट्राच्या सीमेआधीचं ते शेवटचं गाव. त्यापुढे देवी येत नाही, आपणच तिच्याकडे जायचं. त्यामुळे जेव्हा मी शिकायला पोर्तुगालच्या एका समुद्रकाठच्या गावात आले आणि मम्मीने फोनवर हट्ट धरला की नवरात्रात तिथेही घट बसव, तेव्हा मला हसूच आलं. तिचं मन मोडवेना म्हणून केक भाजायच्या ट्रेमध्ये बागेतली माती भरली आणि गहू पेरले. रोज पाणी घालताना वाटायचं, हे कोणासाठी चाललंय? वर्गात माझं नाव कोणाला धड घेता येत नव्हतं, खोलीत रडले असते तरी कोणाला कळलं नसतं. देवी असलीच तर ती तिकडे, तापीकाठी. हा शेवटचा घट, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

घटात उगवलेल्या कोवळ्या कोंबांना आम्ही जवारे म्हणतो. दसऱ्याला त्यातले थोडे देवीला वाहतात, घरातल्यांच्या टोपीत, केसांत खोवतात आणि बाकीचे मातीसकट तापीत सोडतात. मम्मीने फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं, "वाहत्या पाण्यातच सोडजो बेटा, कचऱ्यात बिल्कुल नको टाकू. अन् पहिले देवीले वाहजो." पण देवीचा फोटो तर बुऱ्हाणपूरलाच राहिला होता. वाहायचे कुठे? चिमूटभर जवारे उपटून मी जॅकेटच्या खिशात टाकले आणि दुपारी ट्रे घेऊन निघाले.

आता माझी अक्कल ऐका. गावासमोर होती खाडी, पण मी ती आजवर लांबूनच पाहिली होती आणि तिला नदी समजत होते. पलीकडे वाळूचं बेट, मधे पाणी, मग नदीच ना? त्या दुपारी पाणी इतकं ओसरलं होतं की दूरवर नुसती ओली रेती दिसत होती आणि पार मधोमध एक निळा पट्टा वाहत होता. उन्हाळ्यात तापी उतरली की आम्ही खडकांवरून पलीकडच्या जैनाबादकडे चालत जायचो. उतरलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परत येत नाही, हे मला जन्मापासून माहीत. भरती-ओहोटी शाळेच्या पुस्तकात वाचली होती, पण ती समुद्राला असते, नदीला कशाला असेल? मी बूट हातात घेतले आणि चालत सुटले.

काठ बराच मागे राहिला. त्या निळ्या पट्ट्याशी मी वाकून ट्रे पाण्यावर धरला, जवारे अलगद सोडले. ते समुद्राकडे जायला हवे होते, पण उलटे, गावाच्या दिशेने निघाले. मी वेड्यासारखी बघत राहिले. नदी उलटी वाहताना मी कधी पाहिली नव्हती. जवाऱ्यांच्या मागे मान वळवली. ज्या रेतीवरून मी चालत आले होते ती नव्हतीच. तिथे पाणी होतं. समोरून लाट येऊन अंगावर पडली असती तर मला समजलं असतं. हे पाणी आवाज न करता माझ्या मागून येऊन बसलं होतं.

मी परत धावले, तर कमरेपर्यंत बुडाले, मग छातीपर्यंत. तापीकाठी वाढले, पण पोहता येत नाही. जरा उंच रेतीवर परत येऊन उभी राहिले, तीही पायाखालून सरकत होती. दूर एक लहान बोट माझ्याकडे पाठ करून चालली होती. 'हेल्प' म्हणावं हे सुचलंच नाही. घरी आईला मी मम्मी म्हणते. माय ही आमच्याकडे फक्त इच्छापूरच्या देवीला मारायची हाक. तीच तोंडातून निघाली. "माय! माय वं!"

बोट थांबली, मग वळली आणि वल्ह्यांनी माझ्याकडे येऊ लागली.

बोटीत एक वयस्कर बाई होती, पायाशी शिंपल्यांची बादली. तिने मला काखेत धरून आत ओढलं. माझे दात वाजत होते. तिने स्वतःचा स्वेटर माझ्या अंगावर घातला, घरी नेलं, गरम सूप दिलं आणि मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं की बोटीचं इंजिन एकाएकी बंद पडलं होतं. ते चालू असतं तर तिला काही ऐकू आलं नसतं. मला आत घेतल्यावर ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं, ते मीही पाहिलं होतं. मग ती म्हणाली, "माझी मुलगी फ्रान्समध्ये राहते. मग मला आई म्हणून कोण हाक मारतंय, म्हणून मी मागे पाहिलं."

मला काही समजेना. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून सावकाश म्हणून दाखवलं, "मांय." त्यांच्या भाषेत आईला असंच म्हणतात.

हातातली वाटी मला खाली ठेवावी लागली. महिनाभर त्या गावात राहून हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. इंजिन का बंद पडलं ते मी सांगू शकत नाही आणि कोणाशी वादही घालत नाही. मला एवढंच कळलं की ऐकणारं कोणी आहे की नाही, हे मी हाक मारण्याआधीच ठरवून बसले होते. त्या रेतीवर ठरवायला काही उरलं नाही, तेव्हा कुठे खरी हाक निघाली. तिला ओ कोणी द्यायची, हे माझ्या हातात नव्हतंच.

रात्री मी अजून त्या बाईच्याच घरी होते, तेव्हा पुसून सुकवलेल्या माझ्या मोबाइलवर मम्मीचा फोन आला. तिने पहिलाच प्रश्न केला, "देवीले वाह्यले ना जवारे?"

मी म्हटलं, "हो मम्मी. खिशात होते ते ओले झाले होते, पण वाह्यले. तिच्या केसांतच खोवले."

समोर ती बाई ताटल्या विसळत होती आणि तिच्या पांढऱ्या केसांत, कानामागे, माझे जवारे तसेच होते.