चुलीमागचे बारा शब्द

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या कायद्यावर मी पीएच.डी. करते म्हटल्यावर मावशीच्या गावची, रिठदची माणसं थोड्या आदराने आणि बऱ्याचशा संशयाने बघायची. मी सोपं करून सांगायची: हा करार संगणकातच राहतो. अट पुरी झाली की आपोआप पार पडतो, मुदत चुकली की आपोआप रद्द. ब्लॉकचेनवर त्याची नोंद अशी बसते, की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. शेवटचं वाक्य मी फार टेचात म्हणायची.

प्रबंधाला जिवंत उदाहरण हवं होतं, म्हणून मावशीलाच गळ घातली. तिच्या बचत गटातल्या बायकांनी सोयाबीनचं बियाणं हाताने निवडलं होतं आणि पुण्याची एक कंपनी ते चांगल्या भावाने घ्यायला तयार होती. माल तयार झाला की मावशीने तिच्या मोबाइलवरून होकार द्यायचा, एवढंच काम. मोबाइल बिघडलाच तर दुसऱ्यावरून होकार द्यायला बारा गुप्त शब्द होते. "हे हरवू नको," असं मी बजावलं आणि निघून आले.

आमच्याकडे हरवू नये ते भिंतीवर लिहितात. गॅसवाल्याचा नंबर, म्हैस फळवल्याची तारीख. मावशीने बारा शब्द चुलीमागे कोळशाने लिहिले. दिवाळीला भिंतीला चुना मारला. पुढच्याच आठवड्यात मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला.

मी रिसोडहून जीपने पोचले तेव्हा मावशी विळ्याने भिंत खरवडत होती. चार शब्द वाचता आले, पाचवा अर्धा. संध्याकाळी मुदत संपली आणि करार रद्द झाला. मी कंपनीच्या माणसाला फोन केला. बिचारा भला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरं बोलताय हे कळतं मला. पण कराराबाहेर खरेदी करायचा किंवा नवा करार करायचा अधिकार मला नाही."

घेणारा राजी, देणारी राजी, माल अंगणात पोत्यांत उभा. फसवणूक नाही, कुणी शब्द फिरवला नाही. नोटीस पाठवायची तर कुणाला?

"तू वकील हायेस ना वं?" मावशी म्हणाली. "मंग हे सांगाचं कोणाले?"

मला भयंकर राग आला, माझाच. इतकी पुस्तकं वाचून मी पढतमूर्खच राहिले होते.

एकेक दाणा निवडलेलं ते बियाणं रिसोडच्या बाजारात साध्या सोयाबीनच्या भावाने तेलाला गेलं. गटाच्या बैठकीत बायका चिडल्या होत्या. एकीने माझ्याकडे बघून विचारलं, "हे काहून झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली, "म्या माह्या हातानं चुना मारला. पोरीचा काय दोष?"

मला 'नाही, चूक माझी' एवढं म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही.

हा प्रसंग प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे. करार फसल्याचं कारण मी लिहिलं: वापरकर्तीचा निष्काळजीपणा. मार्गदर्शकांनी शेजारी 'उत्तम' असा शेरा मारला, आणि मी ते वाक्य तसंच ठेवलं.