आईचा अर्धा राहिलेला शब्द

मंडळी, आज सकाळी मला चक्क एका यंत्राचा हेवा वाटला.

शेजारची मिताली हलू-बोलू न शकणाऱ्या माणसांसाठी डोळ्यांनी चालणारा कॉम्प्युटर तयार करते. "माशीमा, करून बघा ना!" म्हणत (माशीमा म्हणजे बंगालीत मावशी) तिने मला पडद्यासमोर बसवलं. मी ज्या अक्षराकडे बघेन, ते उमटायचं. मी थांबले की तेही थांबायचं.

"पुढचं आपणहून लिहीत नाही का गं?"

"ज्याचा शब्द, तोच पुरा करणार, माशीमा."

१९७४ साली, इथेच कलकत्त्यात, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, अर्धांगवायूने आईची वाचा गेली. फक्त डोळे हलायचे. मी एका फोटोची काच काढून तिच्यावर मराठी अक्षरं चिकटवली. लहानपणी कॉन्व्हेंटात शिकणाऱ्या मला ती आईनेच घरी गिरवायला लावली होती. काचेच्या पलीकडे ती, अलीकडे मी. तिची नजर थांबेल, ते अक्षर मी मोठ्याने म्हणायचे.

एकदा ती ‘स’वर थांबली, मग ‘म’कडे वळली. सुमन, माझी धाकटी बहीण, पुण्याला होती. सहा महिन्यांत एकदाही आली नव्हती. भरवणारी मी, अंग पुसणारी मी, आणि आठवण तिची!

‘न’ यायच्या आत मी काच खाली घेतली. "दमलीस गं आई. झोप आता."

आईने डोळे मिटले.

ती गेल्यावर सुमनने विचारलं, "माझी आठवण काढली होती का गं?" मी नाही म्हटलं.

सुमन आपल्या याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. सुमे, काढली होती गं.